तीन नंबरच्या टाकीचं चित्र

"मास्तरणीचं चित्र खरं होतं," मामा सकाळी साडेआठला सगळ्यांसमोर म्हणाले, आणि तिला इतकं बरं वाटलं की हातातला चहा केव्हा निवला ते कळलंच नाही.

मास्तरीण म्हणजे त्यांची सख्खी भाची. नऊ वर्षं शाळेत गणित शिकवून ती दीड वर्षापूर्वी या धान्याच्या कोठारात नोकरीला लागली होती. कोठारात पत्र्याच्या चार गोल टाक्या, प्रत्येक सहा मजली इमारतीएवढी उंच. तीन टाक्या मक्याने जवळजवळ भरलेल्या, चौथी अर्धी. मामा तिथले मुकादम. एकतीस वर्षं त्या टाक्यांभोवती वावरलेला माणूस. मॅनेजरसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय कुठल्या टाकीचं दार उघडत नसे. आई गेल्यावर मामा-मामींनीच तिला लहानाचं मोठं केलं होतं, आणि शाळेतली नोकरी सुटल्यावर इथे तिच्यासाठी शब्द टाकला होता तोही मामांनीच. त्यामुळे तिची चूक झाली की लोक तिच्याकडे बघायच्या आधी मामांकडे बघत.

तिचं काम म्हणजे टाक्यांचं तापमान सांभाळणं. प्रत्येक टाकीत छतापासून तळापर्यंत एकवीस केबली सोडलेल्या होत्या. प्रत्येक केबलीवर मीटरमीटरवर एक, असे सोळा सेन्सर. मका आतून भिजला की कुजतो, कुजला की तापतो, आणि तापत राहिला तर धुमसायला लागतो. म्हणून हे आकडे. ती यायच्या आधी रोज सकाळी प्रिंटरमधून आकड्यांची लांबच लांब पट्टी निघायची आणि मॅनेजरच्या टेबलावर घडी घालून पडून राहायची. कोणी वाचायचं नाही. वाचून काही दिसायचंही नाही.

तिने ते आकडे रचले. कोडच्या भाषेत त्याला त्रिमितीय अ‍ॅरे म्हणतात, मामांना सांगताना ती म्हणाली होती, "कपाट समजा. एकावर एक सोळा कप्पे, प्रत्येक कप्प्यात पाच ओळी, ओळीत पाच खण. टाकी गोल, म्हणून चार कोपऱ्यांचे खण रिकामे. उरलेल्या प्रत्येक खणात एक आकडा." मग तिने कोडला सांगितलं, जिथे आकडा पस्तिसाच्या वर असेल तिथे एक लाल घन काढ, बाकीच्या जागी काहीच काढू नकोस. पट्टीवर जे कधी दिसलं नसतं ते पडद्यावर उभं राहायचं. माउसने फिरवून ते चारी बाजूंनी बघता यायचं.

दहा दिवसांपूर्वी तीन नंबरच्या टाकीत असे लाल घन गोळा झालेले दिसले होते. तळाच्या जरा वर, सोळा नंबरच्या केबलीभोवती, मोटारीएवढी गाठ. तिने धावत जाऊन सगळ्यांना दाखवलं. मॅनेजरने खालची झडप उघडून दोन पोती मका काढायला लावला. निघाला तो थंडगार, कोरडा, सोन्यासारखा मका. पुढचा आठवडाभर तिची टर उडाली. टाकीवर चढणारा उंचापुरा कामगार, ज्याला सगळे लंबू म्हणत, तो रोज दारातून डोकावून विचारायचा, "मॅडम, आज पावसाचं चित्र काढा की. घरी कपडे वाळत घातलेत."

मामा मात्र हसले नव्हते.

आणि काल तीन नंबरच्या टाकीतून मका येणं एकाएकी बंद झालं. गिरणीचे ट्रक उभे होते. काही दोन नंबरमधून भरले, काही तीनमधून, आणि मग तीनच्या झडपेतून धार बारीक झाली आणि थांबली. मामांनी हातोड्याने पत्रा वाजवून बघितला. रात्रभर पंखा लावून खालून हवा मारली. काही उपयोग झाला नाही. म्हणून आज सकाळी त्यांनी सगळ्यांना जमवून ते वाक्य उच्चारलं.

"पोरीने दहा दिवस आधी सांगितलं होतं, खाली गाठ आहे म्हणून. आपण झडपेपाशी बघितलं, गाठ होती सोळाच्या बुडाशी. तीच आता सरकून अडकलीय. मी वरून आत उतरतो, सोळाच्या बाजूने हवेचा पाइप खाली घालतो आणि फोडतो."

"आत उतरणं बरोबर आहे का, मुकादम?" मॅनेजरने विचारलं. तो तिशीचा, कामाला तसा बरा, पण गिरणीवाल्यांचा फोन आला की त्याच्या तोंडचं पाणी पळे.

"झडप बंद करून कुलूप घातलंय. दाणा हलणार नाही. वर घट्ट थर आहे, मी सकाळी छताच्या दारातून काठी मारून बघितला, टणक लागला. दोरी कमरेला, लंबू दारावर, हवा तपासायचं मशीन खिशात. दहाला उतरतो, जेवायच्या सुट्टीआधी मोकळं."

मॅनेजरने कागदावर सही केली.

ती आपल्या टेबलापाशी आली. मामांचं काम सोपं व्हावं म्हणून आणखी काहीतरी करून द्यावं असं तिला वाटत होतं. रात्रभर पंखा चालला होता. तर हवा कुठे खेळली आणि कुठे अडली ते दाखवता येईल. मक्यात गाडलेला सेन्सर फार सावकाश गरम किंवा गार होतो, त्याला दिवस लागतात. मोकळ्या हवेतला तासाभरात बदलतो. तिने काल संध्याकाळचा अ‍ॅरे आणि आज सकाळचा अ‍ॅरे घेतला, एकातून दुसरा वजा केला, आणि कोडला सांगितलं, जिथे फरक सहा अंशांपेक्षा जास्त असेल तिथे निळा घन काढ.

पडद्यावर दोन आकार उभे राहिले.

एक अगदी तळाशी. दोन थर जाडीची, टाकीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ पसरलेली निळी चकती. दुसरा तिच्या थोडा वर, मधोमध. अंड्यासारखा, फुगीर.

खाली पंखा असतो, म्हणून खाली निळं, असं ती आधी स्वतःशी म्हणाली. मग तिने चित्र फिरवलं. चकतीच्या कडा मोजून कापल्यासारख्या होत्या. एकवीसच्या एकवीस केबलींवर दोनच सेन्सर, ना कमी ना जास्त. पंख्याची हवा अशी शिस्तीत पसरत नाही. आणि चौदा मीटर मक्याच्या भाराखाली दोन मीटरची मोकळी जागा राहणार कशी?



फोन वाजला. मामी होत्या. "अगं, तुझे मामा गोळी न घेता गेलेत आज. डबीत तशीच आहे. एवढं त्यांना विचार, आणि दुपारी—"

"मामी, नंतर करते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच तिने मामींचं वाक्य अर्ध्यात तोडलं होतं.

तिने एक नंबरच्या टाकीचं चित्र काढलं. निळी चकती तळाशी. दोन नंबर. तळाशी. मग चार नंबर, अर्धी रिकामी असलेली. कोड चालला, चित्र आलं. खालचे आठ थर निळे, आणि त्यांच्या वर काही नाही. म्हणजे तिच्या चित्राप्रमाणे चार नंबरच्या टाकीत खालची अर्धी जागा मोकळी होती आणि मका वर छताला चिकटून बसला होता.

तिने खुर्चीचे हात घट्ट धरले.

सेन्सर बसवणाऱ्याने नंबर छताकडून दिले होते. शून्य नंबर सर्वांत वरचा. तिच्या कोडने शून्य जमिनीवर ठेवला होता, कारण कोडचा शून्य जमिनीवरच असतो, आणि तिने कधी विचारलंच नव्हतं. दीड वर्षं ती चारही टाक्या खाली डोकं वर पाय बघत होती. वर्गात तिने पोरांना शंभरदा बजावलं असेल, आलेख काढण्याआधी बघा, शून्य कुठे आहे.

एका ओळीत बदल करायचा होता. तिने केला. बोट चुकलं, परत केला. चकती उडी मारून छताखाली गेली, जिथे ती असायला हवी होती. तिच्या लगेच खाली लाल गाठ, सोळाच्या भोवती. म्हणजे गाठ बुडाशी नव्हतीच कधी. वरच होती, पायाखालीच. आणि गाठीच्या शेजारी, मधोमध, ते निळं अंडं.

तेही हवेचंच होतं. वरचा मका कुजून त्याचा थर दगडासारखा आवळला होता, काल खालचा मका वाहून गेला होता, थरातून सुटलेलं एखादं ढेकूळ झडपेत अडकून धार थांबली होती, आणि थर तसाच अधांतरी राहिला होता. मामांची काठी टणक लागली ती म्हणूनच.

घड्याळात दहा वाजून चौदा मिनिटं झाली होती.

मामांचा फोन कपाटात असणार; टाकीत फोन न्यायचा नाही हा त्यांचाच नियम. ती मॅनेजरच्या खोलीत घुसली. तो गिरणीवाल्यांशी बोलत होता. त्याने हाताने थांबा अशी खूण केली. तिने त्याच्या टेबलावरचा वॉकीटॉकी उचलला.

"लंबू! लंबू, ऐकू येतंय का?"

खरखर झाली. "बोला मॅडम."

"मुकादम कुठे आहेत?"

"आत. उतरून पंधरा मिनिटं झाली. सोळापाशी पोचलेत, पाइप जोडतायत."

"त्यांना सांग, हलू नका. पाइप खाली घालू नका. एक पाऊलसुद्धा टाकू नका. आणि दोरी आवळून धर."

मॅनेजरने फोन कानापासून दूर केला. "काय चाललंय, मॅडम?"

वॉकीटॉकीतून लंबूचा आवाज आला, "मुकादम विचारतायत, का?"

खोटं बोलायला जागा होती. सेन्सर बिघडला म्हणता आलं असतं. तिने बटण दाबलं. "त्यांना सांग, माझं चित्र उलटं होतं. गाठ खाली नाही, वर आहे. ते उभे आहेत तिथे. आणि मधे पोकळी आहे. मका नाहीये मधे, नुसता थर आहे."

लंबू ओरडून ते आत सांगत असलेलं तिला ऐकू आलं. पत्र्याच्या टाकीत त्याचा आवाज घुमला.

"मुकादम विचारतायत, मग मी कशावर उभाय?"

मॅनेजरने फोन ठेवून दिला होता. "सर, तुम्ही वर जा," ती म्हणाली. "लंबू एकटा पुरणार नाही." आश्चर्य म्हणजे त्याने एकही प्रश्न विचारला नाही. तो पळत सुटला.

ती वॉकीटॉकी घेऊन आपल्या टेबलापाशी आली. पडद्यावरचा आकार आता तिला डोळे मिटूनही दिसला असता, पण तिला आकडे हवे होते. सोळाखाली थर तीन मीटर. सतराखाली अडीच. अकराखाली, अगदी मध्यावर, एक मीटरसुद्धा नाही. सहाखाली त्याहून कमी. दार होतं दोन नंबरच्या केबलीपाशी. दोन, सहा, अकरा, सोळा. एका सरळ रेषेत. म्हणजे मामा जाताना त्याच पातळ थरावरून चालत गेले होते, आणि पाइपांचं वजन खांद्यावर होतं.

आता त्यांना परत आणायचं होतं. तिने 'डावीकडून' असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. वर-खाली चुकलं होतं, तर डावं-उजवं बरोबर आहे कशावरून?

"लंबू, केबलींना पत्र्याचे बिल्ले आहेत ना? मुकादमांना म्हणावं, जवळच्या केबलीवरचा नंबर वाचा. मोठ्याने."

"सोळा म्हणतायत. पलीकडची सतरा."

आकडा खोटं बोलणार नव्हता. तिने भिंतीच्या कडेने वाट शोधली. "सतरा. मग तेरा, भिंतीजवळ. मग आठ. मग तीन. मग दार. तिथे सगळीकडे थर दोन मीटरच्या वर आहे. म्हणावं, पाइप तिथेच टाका आणि या बिल्ल्यांवरून चालत या."

ती वाट बघत राहिली. टेबलाच्या काचेवर तिच्या तळहाताचा ओला ठसा उमटला होता.

"मॅडम," लंबूचा आवाज बदलला होता. "सतराच्या पुढे जाता येत नाहीये. दोरी अडकतेय. ते गेले सहा आणि सातच्या मधून, आता दोरी सात आणि बाराला घासतेय. केबल छतापासून खाली गाडलेली, दोरी तिच्यावरून काढता येत नाही. मुकादम म्हणतायत, मी दोरी सोडतो आणि भिंतीने येतो."

"नाही!" ती ओरडली. "दोरी सोडायची नाही."

"मग आल्या वाटेनेच यायला लागेल."

आली वाट म्हणजे सहा-अकराच्या ओळीच्या आणि सात-बाराच्या ओळीच्या मधली पट्टी. अकराखाली एक मीटरही नाही. बाराखाली दोन. मधे किती? तिने चित्र मोठं केलं. मधे कोडने गुळगुळीत, सुरेख उतार काढला होता. तो उतार खरा नव्हता. दोन केबलींच्या मधलं कोडला काहीच माहीत नसतं. तो इकडचा आकडा आणि तिकडचा आकडा घेऊन मधे अंदाजाने भरतो. ते तिनेच त्याला शिकवलं होतं, चित्र चांगलं दिसावं म्हणून.

"लंबू, हे जसंच्या तसं सांग. मधलं मला माहीत नाही. दीड मीटर असेल, नसेलही. बारा नंबरला जेवढं चिकटून राहता येईल तेवढं राहा. सहा-सातच्या मधे सर्वांत वाईट आहे. एवढंच माहीत आहे."

पलीकडून लंबूचा घुमता आवाज, मग मामांचा, अस्पष्ट. मग लंबू. "म्हणतायत, कळलं. पालथं पडून सरकत येतो. वजन पसरेल. सर आलेत वर, आम्ही दोघं दोरी ओढून धरतोय, दाराच्या लोखंडी आडव्या दांड्यावरून घेतलीय." थोडं थांबून तो म्हणाला, "मॅडम, त्यांनी आणखी एक सांगितलं. पोरीला म्हणावं, रडू नकोस, आकडे वाच."

ती रडत नव्हती. तोपर्यंत तरी.

"निघाले," लंबू म्हणाला. "सोळा सोडला." मग, "बाराशी आले. धरून थांबलेत." मग नुसती खरखर. बटण दाबून ठेवायला त्याचा हात मोकळा नसणार. ती वाट बघत पडद्यावरचे आकडे ताजे करत राहिली. दर वेळी एकवीस केबली एकेक करून वाचल्या जात आणि चित्र पुन्हा उभं राही. तेच. पुन्हा तेच. लाल गाठ, निळं अंडं, वरची चकती. त्या चित्रात माणूस कुठेच दिसत नव्हता.

मग चित्र पुन्हा उभं राहिलं आणि त्यात सहा आणि सात नंबरच्या जागी काहीच नव्हतं. वरपासून खालपर्यंत दोन्ही खांब गायब. आकड्यांच्या तक्त्यात त्या दोन केबलींसमोर रेघा आल्या होत्या.

केबली तुटल्या होत्या.

बाहेरून आवाज आला तो त्याच्यानंतर, किंवा तिला नंतर ऐकू आला. खोल, भरदार, टाकीच्या पत्र्यातून जमिनीत उतरणारा. खिडकीची काच थरथरली.

"लंबू! लंबू!"

उत्तर आलं नाही. ती धावत अंगण ओलांडून तीन नंबरच्या शिडीला भिडली. ती उंचीला घाबरायची. दीड वर्षात एकदाही वर चढली नव्हती. अठरा मीटरची ती सरळ शिडी ती कशी चढली ते तिला पुढे कधी आठवलं नाही. एवढंच आठवलं की दांडे गरम होते आणि वर कोणीतरी ओरडत होतं, "ओढ! ओढ! ओढ!"

वर दारापाशी धुळीचा पिवळा लोट उठला होता. लंबू पत्र्यावर बसून दोन्ही पाय दाराच्या चौकटीला रोवून मागे रेलला होता. त्याच्यामागे मॅनेजर, दोरी मनगटाला गुंडाळलेली, तळहातातून रक्त येत होतं. दोरी आडव्या दांड्यावरून सरळ खाली आत गेली होती, ताठ, आणि हलत होती. ती मॅनेजरच्या मागे बसली आणि दोरी धरली.

"तीन म्हटलं की," लंबू म्हणाला. "एक, दोन..."

हातभर दोरी आली. पुन्हा हातभर. खालून खोकल्याचा आवाज आला आणि तिघांच्याही तोंडून एकाच वेळी काहीतरी निघालं, शब्द नव्हता तो. जिवंत माणूसच खोकतो. आणखी हातभर. मग दाराच्या काठावर पिवळ्या भुकटीने माखलेला एक हात आला. लंबूने दोरी सोडली नाही, पण पुढे वाकून तो हात मनगटाशी पकडला, आणि मामा बाहेर आले, पोत्यासारखे, एका कुशीवर.

त्यांचा डावा खांदा भलत्याच जागी होता. तोंडाला बांधलेलं फडकं गळ्यात आलं होतं. ते बराच वेळ नुसता श्वास घेत राहिले. तिने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि आता मात्र ती रडली, चांगली हमसून.

"किती खोल होतं गं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"सहा मीटर."

"मला वाटलं जास्त असेल," मामा म्हणाले आणि डोळे मिटले.

दोन बरगड्या मोडल्या होत्या आणि खांदा निखळला होता. दवाखान्यात मामी आल्या. त्यांनी मामांना आधी गोळी दिली, मग झापलं, मग काय झालं ते लंबूकडून सगळं ऐकून घेतलं. तिच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही, आणि पुढचे अकरा दिवसही नाही. ती रोज संध्याकाळी त्यांच्या घरी जायची, त्या पाण्याचा पेला तिच्यासमोर ठेवायच्या आणि आत निघून जायच्या.

कोठारात मॅनेजरने हाताला पट्टी बांधून अहवाल लिहायला घेतला. "सेन्सरच्या नंबरांत घोटाळा होता, असं लिहू," तो म्हणाला. "ते खोटंही नाही."

"घोटाळा नव्हता, सर. नंबर बरोबर होते. मी तपासलं नाही."

"तुम्हालाच त्रास होईल."

"मुकादमांना झाला त्याच्यापेक्षा कमी होईल." तिने कागद ओढून स्वतःच लिहिलं. दोन पानं. कोडमधली जुनी ओळ आणि नवी ओळ शेजारी शेजारी. मुख्य कचेरीतून ताकीद आली, तीन महिने तिचं कुठलंही चित्र दुसऱ्याने तपासल्याशिवाय लावायचं नाही असा हुकूम आला. तिने तो भिंतीवर लावला. लंबूने तो वाचला. त्या दिवसापासून तो दारातून डोकावला की फक्त "बरंय ना, मॅडम?" एवढंच विचारायचा.

तीन नंबरची टाकी बाराव्या दिवशी बाजूने पत्रा कापून उघडली. मका काढता काढता उरलेला थर कोसळला आणि त्याच्याबरोबर गाठ बाहेर आली. यंत्राने ती अंगणात ओढून ठेवली. मोटारीएवढी नव्हती, पण फार लहानही नव्हती. बाहेरून तपकिरी, फोडल्यावर आत काळी ठिक्कर, आणि भर दुपारी तिच्यातून वाफ निघत होती.

मामा गळ्यात हात अडकवून ती बघायला आले होते. कोणी बोलावलं नव्हतं. ते गाठीभोवती फिरले, एक ढेकूळ उचलून नाकाशी नेलं आणि टाकून दिलं.

"हाच वास," ते म्हणाले.

"कुठला?"

"त्या सकाळी दारातून काठी मारली ना, तेव्हा आला होता. आंबूस. वरूनच येत होता. खालून आला असता तर असा आला नसता." ते तिच्याकडे न बघता बोलत होते. "मला कळलं होतं गं. म्हटलं, असेल काहीतरी. पोरीचं चित्र खाली सांगतंय."

"तुम्हाला वास आला होता आणि तुम्ही तरी उतरलात?"

"सगळे आठवडाभर हसत होते तुला. पहिल्यांदा तुझं खरं होतंय असं वाटलं. तेव्हा मी कुठे मधे नाक खुपसू?"

"मामा, तुम्ही मेला असतात!" तिचा आवाज एवढा चढला की यंत्रावरच्या माणसाने मान वळवली. "माझं खरं करायला? मला विचारायचं होतंत ना, वास वरून का येतोय? एका मिनिटात चार नंबरचं चित्र काढून बघितलं असतं मी! एका मिनिटात!"

मामांनी मान खाली घातली. एकतीस वर्षांच्या मुकादमाला कोणी असं भर अंगणात बोललं नव्हतं.

"बरोबर आहे तुझं," ते हळूच म्हणाले.

दोघं गाठीपाशी उभी राहिली. वाफ वाऱ्याबरोबर कलत होती. थोड्या वेळाने मामांनी विचारलं, "एक आणि दोनचं काय? त्यांच्यात काही आहे का?"

"चित्र स्वच्छ आहे. पण तुम्ही वर जाऊन वास घेतल्याशिवाय मी सही करणार नाही."

"एका हाताने शिडी चढू?"

"हात बरा होईपर्यंत लंबूला शिकवा."

"त्याला?" मामा म्हणाले. "त्याला सर्दी असते बारा महिने." आणि ते लंबूला हाका मारत दोन नंबरच्या टाकीकडे निघाले.